हापूस कुठला? गावाच्या नावावर चालणारी बाजारपेठ

हापूस घेताना गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी गाव विचारते. देवगड, रत्नागिरी, पावस, राजापूर, केळशी ही नावे आंब्याच्या हंगामात नकाशावरून उतरतात आणि पेटीवर येऊन बसतात. मुंबईत दोन-तीन पिढ्या काढलेल्या चाकरमान्याच्या घरी आजही आंबा गावाकडूनच यावा असा आग्रह असतो. देवगडकराला रत्नागिरीची साल जाड वाटते, तर रत्नागिरीकर आपला आंबा अधिक टिकाऊ असल्याचे सांगतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. या मायेवर फळबाजारातली एक मोठी स्पर्धा उभी आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी: सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्याची कलमे बांधायला सुरुवात केली, त्यांतून ही जात स्थिरावली आणि किनाऱ्याने वर सरकत कोकणभर पसरली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीचा ‘सिंधू’ काढला; पण बाजारात हापूसची जागा दोघांनाही घेता आली नाही.

गावाच्या नावाला वजन आले ते जमिनीमुळे. देवगड परिसरात जांभ्या दगडाचा सडा लांबच लांब पसरलेला आहे. पुष्कळ बागांत आधी कातळात सुरुंगाने खड्डे पाडले गेले, दुसरीकडून माती आणून ते भरले आणि मग कलमे लावली गेली. तापणारा कातळ, निचऱ्याची जमीन, समुद्रावरून येणारी खारी हवा अशा ठिकाणी झाड बेताने वाढते, पण फळाला वास आणि रंग भरपूर येतो. चांगला देवगड हापूस पिकला की साल पातळ होते, तिला हलकी सुरकुती पडते आणि आतला गर केशरी निघतो. एका पेटीने खोली भरून टाकणारा तो घमघमाट दुसऱ्या कुठल्याही फळाला नाही, असे निःशंकपणे म्हणता येते.

कोकणच्या हापूसची सर्वांत मोठी बाजारपेठ वाशीची. मुंबईचा घाऊक फळबाजार पूर्वी क्रॉफर्ड मार्केटात होता. 1990 च्या दशकात तो नवी मुंबईत मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात हलला. हंगामातली पहिली पेटी आली की तिची पूजा होते आणि तिला मुहूर्ताचा भाव मिळतो. त्यानंतर आवक वाढत जाते आणि भाव पायरी-पायरीने उतरतात. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या सणांना मागणी उसळते. बागायतदाराची सगळी धडपड असते ती पाडव्याच्या आसपास माल बाजारात पोचावा म्हणून. उशिरा आलेला मोहोर, अवकाळी पाऊस, तुडतुडे किंवा फुलकिडे यांनी आठ-पंधरा दिवस खाल्ले, तर त्याच आंब्याचे मोल बदलते.

या बाजारातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे हत्ता. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घेतात, बोटे दाबून आकडा सांगतात, दुसरा बोटांनीच उत्तर देतो. आजूबाजूला माणसांची गर्दी असूनही ठरलेला भाव दोघांपलीकडे कुणाला कळत नाही. पिढ्यानपिढ्या मुरलेले हे कसब थक्क करणारे आहे. मात्र ज्याचा माल आहे तो बागायतदार तेव्हा शेकडो किलोमीटर दूर असतो. त्याच्या हाती नंतर विक्रीच्या हिशोबाची पट्टी येते आणि तिच्यावरचा आकडा मान्य करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. या पद्धतीवर होणारी टीका रास्त आहे. 2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले, त्यामागे हीच तक्रार होती.

वाशीतला खरा प्रतिस्पर्धी कर्नाटकातून येतो. धारवाड-हुबळी पट्ट्यातला हापूस दिसायला कोकणच्या हापूसचा सख्खा भाऊ, भावाने मात्र बराच स्वस्त. तो कर्नाटकचा म्हणून विकला गेला तर त्यात वावगे काही नाही. परवडणारा आंबा ज्यांना हवा, त्यांची ती सोयच आहे. अडचण पुढे होते. किरकोळ विक्रीत तोच आंबा ‘देवगड’ छापलेल्या खोक्यात शिरतो. मग कोकणचा बागायतदार आपल्याच गावाच्या नावाशी स्पर्धा करू लागतो, आणि ती स्पर्धा तो भावात जिंकू शकत नाही.

यावरचा एक उपाय म्हणजे गिऱ्हाइकाला थेट गाठणे. अनेक बागायतदार शहरांतल्या सोसायट्यांमध्ये पेट्या पोचवतात. राज्याचे कृषी पणन मंडळ पुण्यात आंबा महोत्सव भरवते. इथे बोलणी उघड होतात, आढीत पिकवलेले फळ हातात घेऊन वास घेता येतो आणि ‘कुठली बाग?’ या प्रश्नाला समोर उभा असलेला बागवालाच उत्तर देतो. दुसरा उपाय कायद्याचा. ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या 5 जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. कागदावर हा मोठा विजय होता, पण फुटपाथवरच्या पेटीपर्यंत कायदा सहज पोचत नाही. म्हणून देवगडच्या उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावायला सुरुवात केली. पेटीऐवजी फळच आपले गाव सांगू लागले, हा या सगळ्या लढाईतला सर्वांत हुशार डाव होय.

परदेशात गेल्यावर स्पर्धेचे नियम पार बदलतात. आखाती देशांत भारतीय गिऱ्हाईक मोठे, त्यामुळे गावाचे नाव तिथेही चालते. अमेरिकेत मात्र आधी विकिरण प्रक्रियेचा दाखला लागतो. लासलगावच्या केंद्रात ही प्रक्रिया झाल्यानंतर 2007 मध्ये भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेत पोचला. फळमाशी सापडल्याने युरोपीय संघाने मे 2014 पासून भारतीय आंब्याला बंदी घातली आणि ती जानेवारी 2015 मध्ये उठवली. तेवढ्यात लंडनच्या मराठी-गुजराती घरांचा एक हंगाम हापूसविना गेला. तिथल्या दुकानांत शेजारीच पाकिस्तानी आंबा असतो. तो स्वस्त आणि गोड असतो, आणि त्याच्यावर माया करणारी माणसेही तिथे पुष्कळ आहेत. वाशीत आता नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस येतो. कोकणच्या झाडांवर तेव्हा मोहोराचीच वाट पाहिली जात असते, त्यामुळे दोघांची थेट टक्कर होत नाही.

डागी, बारीक आणि हंगामाच्या शेवटी उरलेला आंबा कॅनिंगला जातो. तिथे तो डझनाऐवजी किलोवर मोजला जातो आणि मोठ्या पिंपांत वेगवेगळ्या बागांचा गर एकत्र होतो. पल्पच्या धंद्यात हापूसचा सामना दक्षिणेकडच्या तोतापुरीशी असतो. तोतापुरीचे पीक उदंड आणि भाव कमी, त्यामुळे आंब्याच्या थंड पेयांत बहुधा तीच वापरली जाते. हापूसचा पल्प घरगुती आमरसाच्या डब्यांसाठी आणि निर्यातीसाठी राखला जातो. डब्यावर ‘रत्नागिरी’ छापलेले असले तर त्याला चार पैसे जास्त मिळतात.