शुद्धिहरण व शस्त्रक्रियोत्तर सुधारणा

शुद्धिहरण : शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची जाणीव, वेदना व स्नायूंची हालचाल यांचा औषधांनी तात्पुरता लोप करणे, त्या काळात त्याचे श्वसन व रुधिराभिसरण सांभाळणे आणि नंतर त्याला सुखरूप शुद्धीवर आणणे, या सर्व क्रियांना मिळून शुद्धिहरण म्हणतात. व्यवहारात यालाच ‘भूल देणे’ असे म्हणतात. ही अवस्था म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्या माणसाला वेदनेने जाग येते व घशातील संरक्षक प्रतिक्षेप कार्यक्षम असतात. गाढ शुद्धिहरणात या दोन्ही गोष्टी नाहीशा होतात.

औषधे : डब्ल्यू. टी. जी. मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे ईथराचा जाहीर प्रयोग यशस्वी केला. ईथर एकटेच वापरल्यास स्नायू सैल पडण्यासाठी त्याची मात्रा पुष्कळ द्यावी लागे. परिणामी शुद्ध उशिरा येई व उलट्या होत. १९४२ मध्ये माँट्रिऑल येथे हॅरल्ड ग्रिफिथ व इनिड जॉन्सन यांनी क्युरारे हे स्नायुशिथिलक वापरले. तेव्हापासून गुंगी, वेदनाशमन व शिथिलता यांसाठी निरनिराळी औषधे अल्प मात्रेत देण्याची पद्धत रूढ होत गेली. १९८६ पासून वापरात आलेले प्रोपोफॉल नीलेतून दिल्यावर मिनिटभरात गुंगी आणते. एका मात्रेनंतर ते मेंदूतून इतर ऊतकांत पसरत असल्याने काही मिनिटांत शुद्ध येते. सुगामाडेक्स (यूरोपात मान्यता २००८) हे रोक्युरोनियम या शिथिलकाच्या रेणूंना वेढून त्याचा परिणाम संपवते.

निरीक्षण : पूर्वी त्वचेचा रंग, नाडी व छातीची हालचाल यांवरच भिस्त असे. ओठ निळे दिसेपर्यंत ऑक्सिजन बराच घटलेला असतो. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, तांबडा व अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून रोहिणीतील रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता सतत मोजता येते. उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या मापनामुळे नळी श्वासनालाऐवजी अन्ननलिकेत गेल्यास ते तत्काळ कळते.

सुधारणा : शस्त्रक्रियेच्या आघाताने शरीरात हॉर्मोनांची तीव्र प्रतिक्रिया उद्‌भवते. ही प्रतिक्रिया सौम्य करण्यासाठी अनेक उपाय एकत्र योजावेत, हा विचार डॅनिश शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात पुढे आणला. पूर्वी मध्यरात्रीपासून पाणीही वर्ज्य असे व नंतर दीर्घकाळ अंथरुणात ठेवीत. आता विशेष धोका नसलेल्या प्रौढास नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी २ तासांपर्यंत पाण्यासारखे निर्मळ द्रव देतात. हलक्या आहारासाठी मात्र ६ तासांचे अंतर राखतात. अफूजन्य औषधांनी श्वसन व आतड्यांची हालचाल मंदावते. म्हणून त्यांची मात्रा कमी करण्यासाठी पॅरासिटामॉल देतात व त्या भागाच्या तंत्रिका बधिर करतात. शरीर उबदार ठेवणे, लवकर आहार सुरू करणे व शक्यतो पहिल्याच दिवशी चालविणे यांवर भर असतो.

शुद्ध आली म्हणजे धोका संपला असे नाही. उरलेल्या औषधांमुळे श्वास पुन्हा मंदावू शकतो किंवा जीभ मागे पडून श्वसनमार्ग अडू शकतो. वृद्धांना काही काळ भ्रम होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियागृहातील दक्षता पुढील काही तास चालू ठेवणे, हा शुद्धिहरणाचाच भाग होय.