माल्कम एक्सची हजयात्रा आणि आपला प्रश्न

पनवेलच्या आमच्या महाविद्यालयात दलित पँथरवरचा तास चालू होता. १९७२ साली मुंबईत निघालेल्या या संघटनेने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, आणि १९६६ साली तो पक्ष काढणाऱ्या तरुणांवर माल्कम एक्सच्या विचारांचा मोठा प्रभाव होता, एवढे सांगून मी पुढे जाणार होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माल्कम एक्सला मक्केत समता सापडली म्हणतात. मग बाबासाहेब तिकडे का नाही गेले?" वर्गात हशा पिकला. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत त्याचे उत्तर देणे मला जमले नाही. म्हणून हा लेख.

माल्कम लिटल १९२५ साली अमेरिकेतील ओमाहा शहरात जन्मला. वडील काळ्यांच्या स्वाभिमानाचा प्रचार करणारे धर्मोपदेशक होते. तो सहा वर्षांचा असताना ते ट्रामखाली सापडून मेले. गोऱ्यांनीच त्यांना मारले, असे घरच्यांचे म्हणणे होते. पुढे आई मनोरुग्णालयात गेली, भावंडे पांगली, पोरगा गुन्हेगारीकडे वळला आणि १९४६ मध्ये चोरीच्या शिक्षेवर तुरुंगात गेला. तेथे तो 'नेशन ऑफ इस्लाम' या काळ्यांच्या संघटनेकडे ओढला गेला. 'लिटल' हे आडनाव पूर्वजांच्या गोऱ्या मालकाने दिलेले, म्हणून त्याने ते टाकले आणि हरवलेल्या खऱ्या नावाच्या जागी 'एक्स' लावला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे धोंड्या, कचऱ्या अशी ठेवली गेली, त्यांना या एका अक्षराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या संघटनेची शिकवण अशी होती की, गोरा माणूस जन्मतःच सैतान आहे. अपमानाने भाजलेल्या मनाला ती पटावी यात नवल नाही. पण माणसाची लायकी जन्मावरून ठरवण्याचे हे तर्कशास्त्र मुळात मालकाचेच होते. फक्त ते उलटे केलेले होते. माल्कमने बारा वर्षे तुरुंगाबाहेर याच शिकवणीचा प्रचार केला. मार्च १९६४ मध्ये तो संघटनेतून बाहेर पडला आणि एप्रिलमध्ये हजला निघाला.

हज म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांना नीट ठाऊक असतेच असे नाही. ज्याची ऐपत आणि प्रकृती साथ देते अशा प्रत्येक मुसलमानाने आयुष्यात एकदा ही यात्रा करावी, असा दंडक आहे. मक्केत शिरण्यापूर्वी पुरुष दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे नेसतात. त्याला एहराम म्हणतात. पगडी नाही, टोपी नाही, सरदारी पोशाख नाही. राजा आणि हमाल कपड्यांवरून ओळखू येत नाहीत. काबाभोवती सात फेरे घ्यायचे, मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा करायच्या. या खेपा हाजराच्या आठवणीसाठी असतात. दासीपण भोगलेली ही बाई तहानलेल्या तान्ह्या मुलासाठी पाणी शोधत या टेकड्यांमध्ये धावली होती. पाण्यासाठी वणवणलेल्या एका दासीची पावले बादशहालाही गिरवावी लागतात! त्यानंतर अराफातच्या मैदानात सर्वांनी उभे राहायचे. तो हजचा गाभा. मग मुझदलिफात उघड्यावर रात्र काढायची, मिना येथे सैतानाचे प्रतीक असलेल्या खांबांना खडे मारायचे आणि कुर्बानी द्यायची.

माल्कम जेद्दाच्या विमानतळावर उतरला आणि अडकला. मक्केत बिगर-मुसलमानाला प्रवेश नाही. आणि अमेरिकन पासपोर्ट घेऊन आलेला हा माणूस खरोखर मुसलमान आहे याची खात्री अधिकाऱ्यांना पटेना. पासपोर्ट काढून घेतला गेला. हजारोंसमोर इस्लामवर व्याख्याने देणाऱ्या या माणसाला नमाज धड येत नव्हती. गुडघे मोडून बसणेही त्याला जमेना. अखेर एका ओळखीच्या आधारे त्याने आझम कुटुंबाला फोन लावला. अरब लीगचे पहिले सरचिटणीस अब्दुल रहमान आझम यांनी हॉटेलातली आपली खोली त्याला दिली. ते वर्णाने गोरे होते. त्यांना या परक्या काळ्या माणसाकडून मिळवायचे काहीच नव्हते, ही गोष्ट माल्कमच्या मनाला लागली.

मक्केहून त्याने सहकाऱ्यांना पत्रे लिहिली. निळ्या डोळ्यांच्या, गोऱ्या कातडीच्या माणसांबरोबर आपण एका ताटात जेवलो, एका पेल्यातून पाणी प्यालो, एकाच सतरंजीवर निजलो, असे त्याने कळवले. बारा वर्षांचे आपले मत चुकले, हे त्याने उघडपणे मान्य केले. गोरेपणा हा रक्ताचा दोष नसून वृत्तीचा आणि व्यवस्थेचा दोष आहे, असे तो म्हणू लागला. येथे लक्षात घ्यायचे ते हे की, हा बदल ग्रंथ वाचून झालेला नाही. ताट, पेला आणि अंथरूण यांनी तो घडवला. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपल्या लोकांनी ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा त्यांनाही माणुसकीचा पुरावा असाच देहाने मिळाला होता.

पण येथेच थांबलो तर आपण स्वतःला फसवू. माल्कमने जे पाहिले ते खरे होते. मात्र ते सगळे नव्हते. तो सौदी राजघराण्याचा पाहुणा झाला होता. ज्या देशात त्याला समता दिसली, त्या देशात गुलामगिरी कायद्याने बंद होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ती १९६२ साली संपली. यात्रेकरू आपापल्या देशाचे आणि वर्णाचे घोळके करून राहतात, हे त्याच्याही नजरेतून सुटले नाही. एहराम काही दिवसांचा असतो. त्यानंतर ज्याचा त्याचा पोशाख पुन्हा अंगावर चढतो.

बाबासाहेबांनी हा दुसरा भागही भोगलेला होता. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह निजामाच्या राज्यातील दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दारापाशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले. तेव्हा हौद बाटवला म्हणून ओरडत एक वृद्ध मुसलमान धावून आला आणि जमाव जमला. किल्ल्यात सोडले तेही सोबत शिपाई देऊन, पाण्याला हात लागू नये म्हणून. पाकिस्तानविषयीच्या १९४० च्या ग्रंथात त्यांनी भारतीय मुसलमानांतील अशराफ, अजलाफ आणि अरझल या पायऱ्यांची चर्चा केली.

याचा अर्थ त्यांनी इस्लामकडे पाहिलेच नाही असा नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी इतर धर्मांबरोबर इस्लामचाही विचार केला. पण निवडीची त्यांची कसोटी यात्रेतल्या अनुभवाची नव्हती. धर्म बुद्धीला पटला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मानली पाहिजे, आणि दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, असे त्यांनी १९५० साली लिहिले. त्या कसोटीवर ते १९५६ साली नागपूरला पोचले.

माझ्या गावातले एक वयस्क गृहस्थ बोटीने हजला गेले होते. मुंबईहून हजच्या बोटी १९९५ पर्यंत सुटत. माझे वडील त्यांना बंदरापर्यंत पोचवायला गेले होते. परत आल्यावर हाजीचाचा बौद्धवाड्यात स्वतः आले आणि प्रत्येक घरी खजूर व झमझमचे पाणी हातात दिले. प्रसाद वरून ओंजळीत टाकला जाण्याची सवय असलेल्या माझ्या आजीला ते मरेपर्यंत आठवत होते. पण त्याच घरात पुढे दालदी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मुसलमान कुटुंबातून सोयरीक आली, तेव्हा ती मुकाट्याने परत पाठवली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि आपल्याकडे बोट दाखवायलाही विसरू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. मुसलमान व ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेरच आहेत. धर्म बदलला म्हणून मैला उचलणाऱ्याच्या डोक्यावरची पाटी उतरत नाही, हे आपण जाणतो. तरी त्यांच्या मागणीच्या वेळी आपल्यापैकी किती जण उभे राहतात?

मक्केहून परतल्यावर माल्कमने 'आता प्रश्न सुटला' असे म्हटले नाही. जून १९६४ मध्ये त्याने आफ्रो-अमेरिकन ऐक्याची नवी संघटना काढली आणि वर्णद्वेषाचा प्रश्न मानवी हक्कांचा प्रश्न म्हणून जगापुढे नेण्याचा प्रयत्न केला. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे आहे. समता शक्य आहे, याचा पुरावा माल्कमला मक्केत मिळाला, आणि तो लढायला घरी परतला. समता शक्य आहे याविषयी बाबासाहेबांना शंकाच नव्हती. ती रोजच्या पाणवठ्यावर आणि रोजच्या सोयरिकीत कशी टिकेल, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न कोणत्याही एका धर्माला विचारून संपत नाही. आपल्यालाही तो विचारत राहावा लागेल. आपल्या विहारात आणि आपल्या घरात लग्ने जुळवतानासुद्धा.