मिठावर उमटलेली चाकं

"दत्ताचं दर्शन घेऊन येणार असशील तर जा," आई म्हणाली आणि माझी परवानगीची अडचण सुटली. कच्छमधलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे काळो डुंगर, उंची साधारण ४६० मीटर, आणि त्याच्या माथ्यावर दत्तात्रेयाचं मंदिर आहे. आम्हाला हवी होती मार्गशीर्ष पौर्णिमा, कारण रण चांदण्यात पाहायचं होतं. आईला हवी होती दत्तजयंती. तारीख एकच निघाली!

आम्ही सात जण, सहा मोटारसायकली. सगळे बडोद्याचे, घरात मराठी, गल्लीत गुजराती. सर्वांत धाकटा माझा मावसभाऊ, वय २०. "तुझ्या भरवशावर पाठवतेय गं," असं मावशीने मला बजावलं होतं.

पहाटे निघालो. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी, म्हणून आणंद-नडियादच्या जुन्या हायवेने. पुढे विरमगाम, माळिया, आणि सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. भुजला पोहोचेपर्यंत चारशेच्या वर किलोमीटर झाले आणि कंबर बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी भुजहून उत्तरेला. वाटेत कर्कवृत्ताची पाटी येते, तिथे फोटो झाले. भिरंडियाऱ्याला गरम मावा खाल्ला. मग गावं विरळ झाली, झाडं म्हणजे फक्त वेडी बाभूळ उरली आणि मोबाइलचं नेटवर्क गेलं. संध्याकाळी काळ्या डुंगरावर आरतीला उभे राहिलो. आरतीनंतर पुजारी ओट्यावर भाताचा प्रसाद ठेवतात आणि कोल्ह्यांना "लोंग, लोंग" अशी हाक मारतात. दत्तात्रेयाने भुकेल्या कोल्ह्यांना "ले अंग" म्हणत आपलं शरीर देऊ केलं, त्याचंच हे "लोंग", अशी तिथली कथा. त्या दिवशी दोन कोल्हे आले, खाऊन गेले. वर चंद्र आला आणि खाली पसरलेलं रण दुधासारखं दिसू लागलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

रात्री खावड्याला मुक्काम. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं, "उद्या धोलावीऱ्याच्या रस्त्यावर गाडी खाली उतरवू नका. वर मीठ, खाली चिखल." पावसाळ्यात रणात पाणी भरतं, हिवाळ्यात आटतं, मिठाचा कडक थर वर राहतो, पण खालची माती कित्येक महिने ओलीच असते. मी सगळ्यांना ते सांगितलं. भाऊ दमून झोपला होता. सकाळी सांगू म्हटलं, आणि सकाळी निघायच्या घाईत विसरले.

खावडा ते धोलावीरा या वाटेवर सुमारे तीस किलोमीटर रस्ता सरळ रणातून जातो. दोन्ही बाजूंना पांढरं, वर निळं. मी सगळ्यांच्या मागे होते. पुढे भावाने फोटोसाठी गाडी भरावावरून खाली उतरवली. वीस-पंचवीस फूट गेला आणि मागचं चाक खचलं, गाडी आडवी झाली, त्याचा पाय सायलेन्सरखाली अडकला. मी धावत उतरले तर माझेच बूट घोट्यापर्यंत आत गेले. दोघांनी गाडी उचलली, पाय निघाला. पोटरीला भाजलं होतं, हाड मात्र शाबूत होतं. गाडी अजून खोल गेली. नेटवर्क नाही, आणि आमच्याकडे पाणी किती? सात जणांत चार बाटल्या. तेही माझंच गणित: "धोलावीऱ्यात घेऊ."

पाऊण तासाने एक पिकअप आली. दोन मालधारी होते, मागे चाऱ्याची पोती. त्यांनी आधी पाणी दिलं, मग म्हणाले, "सगळे एकदम उतरू नका." रिकामी गोणपाटं अंथरली, गाडी आडवीच ठेवून दोरीने ओढली. वीस मिनिटांत गाडी रस्त्यावर! पैसे काही केल्या घेतले नाहीत.

धोलावीऱ्यात त्याच्या पायाला मलमपट्टी झाली आणि मग आम्ही ते पुरातन नगर पाहिलं. २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेलं हे हडप्पाकालीन शहर. मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे बंधारे घालून अडवायचे आणि ते पाणी दगडी तलावांत साठवायचं, ही त्यांची व्यवस्था. चार बाटल्या घेऊन निघालेली मी त्या तलावाच्या कडेला उभी होते. काय बोलणार?

परत आल्यावर भाऊ म्हणाला, "मावशीला सांग, मीच आगाऊपणा केला." मी त्याच्या आईला खरं ते सांगितलं: त्याला सूचना द्यायची राहिली ती माझ्याकडून. मावशी थोडी गप्प झाली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी झोपलेल्याला उठवून सांगत जा."

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा. माणशी पाच लिटर पाणी, जखमेचं औषध आणि एक मजबूत दोरी सोबत ठेवा. मिठावर गाडी उतरवू नका. परत आल्यावर चेन आणि चाकं गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर गंज धरतो. आणि निघण्यापूर्वी सगळ्यांना जागं करून एकदा सगळं सांगा. आमच्या पुढच्या सहलीत हे काम भावाने स्वतःकडे घेतलंय.