ऑपरेशनच्या आधी अर्ज

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका घरी हृदयाचे ऑपरेशन झाले. माणूस बरा होऊन घरी आला. महिन्याभराने त्याची बायको बिलांची पिशवी घेऊन विहारात आली. दवाखान्याची, औषधांची, तपासण्यांची सगळी बिले तिने तारखेप्रमाणे लावून ठेवली होती. कानातले मोडून झाले होते, वर महिना शेकडा पाचने पैसे उचलले होते. "दिल्लीहून मदत मिळते म्हणतात. एवढी बिलं पाठवून द्या," ती म्हणाली. आम्ही अर्ज लिहिला, बिले जोडली, रजिस्टर पोस्टाने पाठवली. उत्तर दोन ओळींचे आले: झालेल्या खर्चाची भरपाई या निधीतून देता येत नाही.

चूक तिची नव्हती. हा नियम आम्हाला माहीत असायला हवा होता आणि ऑपरेशन ठरले त्या दिवशीच तिला सांगायला हवा होता. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आजाराऐवजी कागदांविषयी लिहीत आहोत.

सरकारी अनुदान परत फेडायचे नसते. पण ते मिळते एका ठरलेल्या कामासाठी, आणि ते काम व्हायच्या आधी. मोठ्या आजारासाठी केंद्राकडून मंजूर होणारा पैसा रुग्णाच्या हातात येत नाही, तो थेट रुग्णालयाकडे जातो. रुग्णालयाला नंतर तो कुठे खर्च झाला याचा हिशेब द्यावा लागतो. एवढे लक्षात घेतले की बाकीचे नियम आपोआप कळतात. उपचार झाला, बिल भरले, तर सरकारच्या लेखी मदत द्यायला कामच उरले नाही. सावकाराचे कर्ज उरले, पण त्याचा रकाना त्या फॉर्मात नाही.

अर्जाच्या आधी एक गोष्ट तपासायची. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. आपल्या राज्यात ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसोबत चालते. दर वर्षी कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचा उपचार योजनेतल्या रुग्णालयात पैसे न भरता होतो. पूर्वी फुले योजनेची मर्यादा दीड लाख होती आणि पिवळ्या-केशरी कार्डाची अट होती. आता पांढरे कार्डही चालते. रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, भरती होतानाच तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवायचे. इथेही मंजुरी आधीच घ्यावी लागते. आजार यादीत बसला तर दिल्लीला अर्ज करण्याची गरजच नाही. यादीत नसला किंवा खर्च मर्यादेच्या वर गेला, तर पुढचे निधी पाहायचे.

पहिला राष्ट्रीय आरोग्य निधी. तो १९९७ साली सुरू झाला आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला जिवावरच्या आजारासाठी यातून १५ लाखांपर्यंत मदत मिळू शकते. उपचार मात्र सरकारी रुग्णालयातच हवा. कर्करोगासाठी याच मंत्रालयाचा वेगळा निधी आहे. तो ठरावीक कर्करोग केंद्रांत चालतो. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय त्यांत येतात. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर हा रस्ता बंद, कारण त्यांच्यासाठी उपचाराची वेगळी सोय असते असे सरकार धरून चालते.

दुसरे आरोग्यमंत्र्यांचे स्वेच्छा अनुदान. वर्षाचे कौटुंबिक उत्पन्न सव्वा लाखापर्यंत असेल तर यातून खर्चाचा काही भाग मिळतो, जास्तीत जास्त सव्वा लाख रुपये. हेही सरकारी रुग्णालयासाठीच.

तिसरा पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी. जानेवारी १९४८ मध्ये फाळणीतल्या निर्वासितांसाठी तो काढला. लोकांच्या देणग्यांवर तो चालतो, त्यात अर्थसंकल्पाचा पैसा नसतो. हृदयाचे ऑपरेशन, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण, कर्करोग यांसाठी त्यातून खर्चाचा काही भाग दिला जातो. त्याच्या यादीत काही खाजगी रुग्णालयेही आहेत, म्हणून खाजगीत अडकलेल्या रुग्णाने आधी ती यादी पाहावी. अर्ज पंतप्रधानांच्या नावाने करायचा. खासदाराचे पत्र जोडले तर चांगलेच, पण त्यावाचून अर्ज करता येत नाही हा गैरसमज आहे. पत्रासाठी चार-चार चकरा मारून ऑपरेशनची तारीख गेलेली आम्ही पाहिली आहे.

आता कागद. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे खर्चाचा अंदाज, ज्याला रुग्णालयात सगळे एस्टिमेट म्हणतात. आजाराचे नाव, कोणता उपचार, किती खर्च, हे रुग्णालयाच्या छापील कागदावर हवे. त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा, आणि आरोग्य निधीच्या फॉर्मावर वैद्यकीय अधीक्षकांचीही सही लागते. चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा चालत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्या खोलीत हे फॉर्म मिळतात. केसपेपर काढला त्याच दिवशी त्यांना गाठावे. आमच्या लोकांना ती खोली उशिरा सापडते, कारण ती कुठे आहे हे कोणी सांगत नाही. विचारावेच लागते. फॉर्म फुकट असतो. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन हजारात 'दिल्लीचं काम' करून देणारा भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

दुसरा कागद तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो सेतू केंद्रातून काढता येतो, पण हाताशी आठ-पंधरा दिवस धरावेत. सोबत रेशनकार्ड, आधार आणि रुग्णाचे फोटो.

नावे जुळवण्याकडे मात्र नीट बघा. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि केसपेपरवर रात्री घाईत कोणी सांगितले ते तिसरे, असे आमच्या वस्तीत निम्म्या घरांत आहे. बाईचे नाव माहेरचे की सासरचे, हाही घोळ असतो. केसपेपरवरचे नाव दुसऱ्याच दिवशी आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्या. एस्टिमेट त्याच नावाने निघते, आणि एकदा निघाले की बदलणे अवघड जाते.

वर सांगितलेल्या निधींत उत्पन्न विचारतात, जात विचारत नाहीत. पण अनुसूचित जातींसाठीची केंद्राची मदत घ्यायची तर जातीचा दाखला लागतो, आणि बौद्ध घरांचे पाऊल इथेच अडते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखाली डॉ. आंबेडकर प्रतिष्ठान आहे. मूत्रपिंड, हृदय, यकृत, मेंदू, कर्करोग अशा आजारांत ऑपरेशन लागणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या रुग्णांसाठी त्याची वैद्यकीय मदत योजना आहे. तिच्या अटी आणि उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चालू वर्षाचे परिपत्रक आणि फॉर्म मागून घ्यावा.

आमच्या कितीतरी घरांत दाखला आहे, पण त्यावर नुसते 'नवबौद्ध' लिहिले आहे. याला इतिहास आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या, १९५६ मध्ये त्यात शीख आले. त्याच वर्षी दीक्षा घेतलेले आपले लोक केंद्राच्या यादीबाहेर गेले. राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, दाखल्यावर 'नवबौद्ध' हा शब्द आला तो तिथून. केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली ती १९९० मध्ये. म्हणून केंद्राच्या कामासाठीच्या दाखल्यावर 'अनुसूचित जाती' हे शब्द, मूळ जातीचे नाव, धर्म बौद्ध आणि १९९० च्या दुरुस्तीचा उल्लेख, हे सगळे आहे का ते आजच पेटी उघडून बघा.

मूळ जातीचे नाव पुन्हा लिहायचे म्हटले की अनेक घरांत मन धजत नाही. आजोबांनी टाकून दिलेले नाव नातवाने कागदावर का आणावे, असे आम्हाला विचारले गेले आहे, आणि प्रश्न खोटा नाही. पण आदेशातली यादी जातींची आहे, दाखला त्या यादीशी जुळावा लागतो. धर्माच्या रकान्यात बौद्धच लिहायचे. 'हिंदू लिहा, काम लवकर होईल' असा सल्ला अजून कुठे मिळाला तर तो १९९० च्या आधीचा आहे असे समजा.

दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात असल्याचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाचा उतारा चालतो. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना यासाठी बहुधा मूळ गावच्या तालुक्याला जावे लागते, आणि जुन्या नोंदी शोधण्यात दोन-तीन फेऱ्या होतात. घरात कोणी आजारी नसताना, सुट्टीत गावी गेलो की हे काम उरकून घ्यावे. रुग्ण आयसीयूत असताना कोतवाल बुक शोधत फिरणे काय असते, ते ज्यांनी केले त्यांना विचारा.

छोट्या रकमांचे तंत्र वेगळे आहे, त्या थेट बँक खात्यात येतात. क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या अनुसूचित जातीच्या किंवा दारिद्र्यरेषेखालच्या बाईला जननी सुरक्षा योजनेतून आपल्या राज्यात शहरात ६००, खेड्यात ७०० रुपये. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. यांसाठी आशाताईंकडे वेळेवर नोंद हवी आणि खाते आधारला जोडलेले हवे. पैसे अडकतात ते बहुधा खात्यामुळे, म्हणून बँकेत जाऊन एकदा विचारून या.

मोठ्या अर्जाची झेरॉक्स प्रत ठेवा. पोस्टाची पावती किंवा आवक क्रमांक त्या प्रतीलाच टाचून ठेवा. मंजुरीचे पत्र आले की त्याच दिवशी रुग्णालयाच्या लेखा विभागात नेऊन दाखवा, कारण तिकडे पैसे जमा झाले तरी बिल करणाऱ्या खिडकीला ते लगेच कळत नाही आणि डिस्चार्जच्या वेळी सगळी रक्कम तुमच्याकडेच मागितली जाते. उत्तर येण्याआधी ऑपरेशनची तारीख आली आणि डॉक्टर थांबू नका म्हणाले, तर थांबू नका. समाजसेवा अधीक्षकांना मात्र अर्ज केल्याचे लेखी कळवा आणि बिलाची शेवटची रक्कम भरण्याआधी त्यांना भेटा. भरायचे राहिलेले बिल मदतीत बसते का, हे त्यांच्याकडूनच कळेल.

वस्तीतल्या कोणाचे ऑपरेशन ठरले असेल तर रविवारी सकाळी वंदनेनंतर केसपेपर आणि रेशनकार्ड घेऊन विहारात या. फॉर्म आम्ही भरून देतो.