पावसाळ्यात बायकांची समुद्रसहल : वेळ, खर्च आणि खबरदारी



कारखान्याचा पट्टा पडला की यंत्रसामग्री खोलून दुरुस्तीला घेतली जाते. आपणही बैलांना उसंत देतो, पंप गॅरेजला टाकतो. हंगामात राबलेल्या प्रत्येक गोष्टीची विश्रांती वर्षाच्या हिशेबात धरलेली असते. पण घरच्या बाईची विश्रांती कोणत्या महिन्यात, असे कुणी विचारले तर आपल्यापैकी थोड्यांनाच उत्तर देता येईल. माहेर, लग्न, जत्रा ही काही विश्रांती नव्हे. तिथेही चूल आणि धुणे सुटत नाही. म्हणून गल्लीतल्या, भावकीतल्या दहा-बारा जणींनी मिळून दोन रात्री समुद्रावर जाऊन यावे, अशी सूचना आम्ही करीत आहोत. हे कमी खर्चात आणि सुखरूप कसे जमेल, ते या लेखात मांडले आहे.

“पावसाळ्यात आणि समुद्र? काहीतरीच!” असे कुणी म्हणेल. त्यांची भीती खोटी नाही. पण पाण्यात उतरायचेच नाही, फक्त पाहायचे, हा एक नियम पाळला तर पावसाळ्याइतकी स्वस्त आणि सोयीची वेळ दुसरी नाही.

वेळ कोणती धरावी?

जून-जुलैत पेरणी-टोकणणी, जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण, पुढे श्रावणातले सण, मग गौरी-गणपती. गणपतीत कोकणात चाकरमान्यांची गर्दी असते, गाड्या भरलेल्या आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. दसऱ्यानंतर पूर्वहंगामी लागण आणि ऊसतोडीची धावपळ सुरू होते. मधे मोकळा राहतो तो पितृपंधरवडा, म्हणजे बहुतेक सप्टेंबरचा उत्तरार्ध. या पंधरवड्यात लग्नकार्ये नसतात, त्यामुळे लॉज रिकामे असतात. पाऊस महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो, म्हणजे या दिवसांत तो असतो, पण जुलैसारखा झोडपत नाही. आपल्या घरचा म्हाळ ज्या तिथीला असेल ती तेवढी टाळावी.

जून-जुलै दोन कारणांनी टाळलेला बरा. एक म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी फारशी मिळत नाही. दुसरे कारण रस्त्याचे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पुराने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. घाटात दरड कोसळली तर पलीकडे अडकून पडावे लागते, आणि घरची काळजी वेगळीच.

जागा कोणती?

उदाहरणादाखल आम्ही गणपतीपुळे घेतले आहे. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर, तेथून गणपतीपुळे पंचवीस-तीस किलोमीटर. देवळापुढेच समुद्र आहे. देवळामागचा डोंगरच देव मानतात, त्याची प्रदक्षिणा पायवाटेने होते. पाऊस कोसळू लागला तर छपराखाली पाहण्यासारखेही जवळपास पुष्कळ आहे. शेजारच्या मालगुंडला कवी केशवसुतांचे जन्मगाव आणि स्मारक, रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, १९३१ साली सर्वांना खुले झालेले पतितपावन मंदिर, आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी ज्या वाड्यात ठेवले तो थिबा पॅलेस. पावसला स्वामी स्वरूपानंदांचा मठ आहे. पावसाळी सहलीला अशी ठिकाणे हाताशी हवीतच, नाहीतर सगळ्याजणी दोन दिवस खोलीत बसून भिंतीकडे बघायच्या!

खर्चाचा अंदाज

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत झाला. सासूबाईंना न्यायचे असेल तर त्यांचे आधारकार्ड सोबत ठेवावे. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे दहा रुपये झाले. त्या हिशेबाने कोल्हापूर-रत्नागिरी बावीस टप्पे म्हणजे सव्वादोनशेच्या आत. बाईमाणसाला त्याचे निम्मे. सबंध गाडी प्रासंगिक कराराने घ्यायची असेल तर सवलत लागू होते का, हे आगारात आधी विचारावे. नाहीतर हिशेब चुकेल.

बाराजणी, दोन रात्री, चौघींत एक खोली असे धरू. खोलीचा भाव रात्रीला १६०० धरला तर माणशी अंदाज असा :

एस.टी. जाऊन-येऊन : ३०० रुपये
खोली, दोन रात्री : ८०० रुपये
चहा-नाश्ता-जेवण, तीन दिवस : ९०० रुपये
रिक्षा, तिकिटे वगैरे : २०० रुपये
अडीअडचणीसाठी राखीव : ३०० रुपये
एकूण : २,५०० रुपये

नोव्हेंबर ते ऑगस्ट या दहा महिन्यांत दरमहा २५० रुपयांची भिशी लावली की रक्कम उभी राहते. एकीने पैसे सांभाळावेत, दुसरीने वही लिहावी. राखीव तीनशे उरले तर परत वाटावेत, प्रसाद-खरेदीत उडवू नयेत. आणखी एक. ही भिशी घरखर्चाला, औषधाला किंवा खताच्या उधारीला मोडायची नाही, असे पहिल्याच दिवशी घरात सांगून ठेवावे. बाईच्या साठवणीला पहिला हात घालणारे आपणच असतो.

खोली ठरवताना फोनवर पाच गोष्टी विचाराव्यात : संडास-न्हाणी खोलीला लागून आहे का, दाराला आतून भक्कम कडी आहे का, गरम पाणी मिळेल का, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि हवामान बिघडले तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरतील का. पाचवा प्रश्न विसरू नये. आगाऊ पैसे बुडतील या भीतीने माणसे भर पुरात घाट उतरतात.

समुद्र कसा ओळखावा?

आता मुख्य मुद्दा. पावसाळी वारा अरबी समुद्रावरून नैऋत्येकडून वाहतो, त्याने लाटा उंच होतात. किनाऱ्यावर चढलेले पाणी माघारी जाताना वाळूत जिथे खोलगट वाट सापडेल तिथून जोराने निघते. ताल फुटली की वावरात साठलेले सगळे पाणी त्या एका भगदाडातून धावते, तसाच हा प्रकार. याला ओढ म्हणतात. फसगत अशी की ओढीच्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी दोन्ही बाजूंपेक्षा शांत दिसते. नवखा माणूस “इथं बरं दिसतंय” म्हणून नेमका तिथेच उतरतो.

विहिरीत, नदीत पोहता येते म्हणून इथे धाडस करू नये. ओढीविरुद्ध किनाऱ्याकडे हात मारणारा दमतो आणि बुडतो. ओढीतून सुटायचे तर किनाऱ्याला समांतर आडवे जावे लागते, पण घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. त्यात भिजलेले लुगडे पायात गुंतते. कुणी सापडलेच तर हाताला हात धरून साखळी करून आत जाऊ नये, एकीपायी चौघी जातात. दोरी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा, स्थानिक माणसांना हाक द्यावी, ११२ क्रमांकाला फोन करावा. शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी चढू नये.

भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बारा वाजता. सकाळी एकदा, रात्री किंवा दुपारी एकदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी सौम्य असते, तिला भांग म्हणतात. म्हणून सप्तमी ते दशमी हे दिवस बरे. त्या दिवसांत दुपारी ओहोटी येते, वाळू मोकळी असते, तेव्हा फिरावे. सूर्यास्ताला पाणी चढलेले असते, तो वरच्या अंगाला बसून पाहावा.

निघण्यापूर्वी

दोन दिवस आधीपासून हवामान खात्याचा इशारा पाहावा. रत्नागिरीला किंवा आपल्या जिल्ह्याला नारिंगी वा लाल इशारा असेल तर तारीख पुढे ढकलावी. सकाळच्या गाडीने निघून घाट उजेडी उतरावा. सोबत लवकर वाळणारे कपडे, रेनकोट (वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही), बॅटरी, रोजची औषधे, पाळीचे सामान, आणि ओल्या कपड्यांसाठी खताची धुतलेली रिकामी पिशवी घ्यावी. जेवणाला घरगुती खानावळ पाहावी. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी असे आयते ताट पुढे येणे, हाच या सहलीतला मोठा भाग आहे.

सभासद बंधूंना शेवटी एक सांगणे. बाई दोन दिवस घराबाहेर जायची तर धार, वैरण, पोरांचे डबे यांची वाटणी आठवडाभर आधी ठरवा. “तू गेलीस तर म्हसरं कोण बघणार?” हा प्रश्न तिला विचारू नका, त्याचे उत्तर आपणच आहोत. आणि दिवसातून दहा वेळा फोन करून डाळीचा डबा कुठे आहे, हेही विचारू नका. येत्या नोव्हेंबरपासून गल्लोगल्ली अशा भिशा सुरू व्हाव्यात आणि घरच्या कर्त्या मंडळींनी त्यास मनापासून साथ द्यावी, ही विनंती.