‘जरी’ला ‘तरी’ हवाच का?

‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट टू स्कूल.’ कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूरच्या मुलाच्या वहीत असं वाक्य आलं की ‘बट’वर लाल रेघ पडते. का पडली, हे त्याला बहुधा कुणी सांगत नाही. त्याच्या मनात ‘जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो’ असतं. जरी लिहिलं की तरी लिहायचं, हे तो मराठीच्या तासाला शिकलेला असतो. इंग्रजीत दोन वाक्यांना एकच सांधा पुरतो. ‘ऑल्दो’ आलं की ‘बट’चं काम संपतं.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. म्हणून ‘कंजंक्शन’ म्हणजे उभयान्वयी अव्यय, एवढं पाठ करून पोरं मोकळी होतात. पण दोघांचा स्वभाव वेगळा. आपली माणसं म्हणतात, ‘हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून वसमतला नेली.’ चार कामं झाली, उभयान्वयी अव्यय एकही नाही. सगळा भार ‘ऊन’ प्रत्ययानं उचलला. इंग्रजीत हेच ‘वुई बॉइल्ड द टर्मरिक, ड्राइड इट, पॉलिश्ड इट अँड टुक इट टू वसमत.’ ‘अँड’ एकदाच, शेवटच्या कामाआधी.

‘अन्टिल’ला तर पोरं हमखास अडकतात. ‘जोपर्यंत पाऊस थांबत नाही, तोपर्यंत थांब’ याचं ती ‘वेट अन्टिल द रेन डज नॉट स्टॉप’ करतात. ‘अन्टिल’नंतर हा ‘नॉट’ चालत नाही. घरी मात्र आई म्हणते, ‘पाऊस थांबेपर्यंत थांब.’ त्यात ‘नाही’ कुठंच नाही. तेच उचला: ‘वेट अन्टिल द रेन स्टॉप्स.’ ‘पाऊस होता तरी आलो’ हेही घरचंच वाक्य, एकाच सांध्याचं. माझ्या मते पुस्तकी जोड्यांपेक्षा ही बोली इंग्रजीच्या जास्त जवळ आहे. फरक जागेचा. आपला ‘तरी’ दोन वाक्यांच्या मध्ये बसतो, ‘ऑल्दो’ पावसाच्या वाक्याच्या तोंडाशी.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इतक्या वर्षांनीही तीच लाल रेघ पडत असेल, तर दोष पोरांचा मानू नये. गुरुजी, बाई, भाषांतराला वाक्य देताना ते आधी मुलाला घरच्या बोलीत म्हणायला सांगा आणि मगच इंग्रजी लिहू द्या.