गारगोटीचा धूर

वाळूपासून चिप बनते, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की खरं वाटू लागलंय. पण सिलिकॉनच्या भट्टीला वाळू चालतच नाही. आपल्या सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली सिलिका वाळू काचेला नि ओतकामाला जाते. भट्टीला लागतात मुठीएवढे गारगोटीचे गोटे. तळातून वर येणाऱ्या वायूंना वाट हवी. वाळू ओतली तर श्वासच कोंडेल. म्हणून तर मालात दगडी कोळसा आणि कोक यांच्यासोबत लाकडाच्या ढलप्याही टाकतात. माल त्यामुळे पोकळ राहतो.

गारगोटीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. त्यांची ताटातूट करायची तर ऑक्सिजनला दुसरं कुणीतरी द्यावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे कार्बन. मीटरभर जाडीचे कार्बनचे इलेक्ट्रोड मालात खुपसलेले असतात, त्यांच्या टोकाशी दोन हजार अंशांच्या आसपास तापमान. तळाशी सिलिकॉन साठतं. ते बाहेर काढायचं भोक कधीकधी इतकं गच्च बसतं की ते चक्क औद्योगिक बंदुकीनं फोडतात.

आता हिशेब. तो शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. एक टन सिलिकॉनसाठी साधारण 860 किलो कार्बन लागतो आणि त्याचा शेवटी सुमारे 3.1 टन कार्बन डायऑक्साइड होतो. हा झाला कागदावरचा किमान आकडा. प्रत्यक्ष भट्टीत तो पाचाच्या घरात जातो. वीज पाण्याची असो, वाऱ्याची असो, हा धूर चुकत नाही. कारण इथे कोळसा नुसता जळण नाही, तो कच्चा माल आहे.

विजेचा धूर वेगळा. किलोमागे 11 ते 13 युनिट, म्हणजे टनाला बारा हजारांच्या आसपास. महिन्याला शंभर युनिटांत भागवणाऱ्या घराला ही वीज दहा वर्षं पुरेल. ती कोळशाची असेल तर टनामागे आणखी दहा-बारा टन धूर. नॉर्वेत ती बहुतेक धबधब्यांची, म्हणून उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या सॉल्टनमध्येही एल्केम कंपनीच्या भट्ट्या चालतात. एल्केमची स्थापनाच 1904 सालची, जलविद्युतेच्या भरवशावर. जगातलं बहुतांश सिलिकॉन मात्र आज चीनमध्ये बनतं. त्यातही शिनच्यांगमधलं कोळशाच्या विजेवर, तर युन्नान आणि सिचुआनमधलं नद्यांच्या. कोरड्या महिन्यांत तिथली वीज महागते आणि कित्येक भट्ट्या विझतात. एकाच देशातलं, एकाच शुद्धतेचं सिलिकॉन, पण एकामागचा धूर दुसऱ्याच्या तिपटीपर्यंत!

कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरला तर पहिला धूरही हलका होतो, कारण तो कार्बन झाडानं हवेतूनच घेतलेला. पण तोडलेल्या जागी झाड पुन्हा वाढलं तरच. नुसतं जंगल साफ करून हा हिशेब जुळवणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

भट्टीतलं सिलिकॉन 98-99 टक्के शुद्ध. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना, सिलिकोनला तेवढं पुरतं. सौर पॅनेलला पुरत नाही. मग त्याचा वायू करायचा, गाळायचा आणि तापलेल्या सळ्यांवर पुन्हा घट्ट बसवायचा. या एका टप्प्यात किलोला आणखी पन्नास-साठ युनिट जातात. ऐकून पॅनेलवाल्यांची बोलती बंद व्हावी, पण होत नाही. पाचशे वॅटच्या पॅनेलला आता किलोभरच सिलिकॉन लागतं, आणि आपल्याकडच्या उन्हात असा पॅनेल दिवसाला दोनेक युनिट देतो. भट्टी आणि शुद्धीकरण मिळून सत्तरेक युनिट धरले, तर सव्वाएक महिन्यात ते वसूल. स्फटिक ओढणं, काच, ॲल्युमिनियमची चौकट धरून वर्षभर.

फ्रान्समध्ये मोठ्या सौर प्रकल्पांच्या निविदांत पॅनेल बनवताना किती कार्बन गेला याचा आकडा मागतात. तिथे भट्टी कुठल्या विजेवर चालली, हे गुणांत मोजलं जातं. गच्चीवर पॅनेल पुसताना मी मागचं लेबल वाचलं: वॅट, व्होल्ट, अँपिअर, वजन. धुराची ओळ नव्हती.